तिसरी बॅटरी घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न, बंदरावरची उत्तरं

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं बॅटरीचं दुकान आहे. वडिलांनी ते काढलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलरवाले आणि लग्नात लाउडस्पीकर लावणारे. आता निम्म्याहून जास्त काम सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या बोटींचं असतं. डॉल्फिन दाखवणाऱ्या, गळाने मासे धरणाऱ्या, किल्ल्यावर नेणाऱ्या-आणणाऱ्या या बोटी. रात्री कुणी त्यांच्यावर झोपत नाही, त्यामुळे वीज ही गोष्ट त्यांच्यात सगळ्यांत शेवटी आठवते. गेल्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे थोडक्यात घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न मला दुकानात आठवड्यातून चारदा ऐकू येतो.

माझी २३ फुटी फायबरची पर्यटक बोट आहे, मशीन २५ हॉर्सपॉवरचं, सेल्फवालं. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या, आता तिसरीही सेल्फ घेत नाही. सगळ्या ६५ एएचच्या (ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज), चांगल्या कंपनीच्या, गॅरंटीच्या. मशीनच्या पुस्तकात चार्जिंग ६ ॲम्पिअर लिहिलं आहे. दर तिसऱ्या रात्री मित्राच्या चार्जरवर चार-पाच तास लावतो. दिवसाला दहा वेळा तरी सेल्फ मारावा लागतो, त्यामुळेच बॅटरी जाते का? आता ८० एएचची घेऊ का? — देवबाग

दादा, ८० ची घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

सेल्फवर आळ घेऊ नये. सेल्फ शंभर ॲम्पिअर ओढतो हे खरं, पण दोन सेकंदच. दहा वेळा मारला तरी सगळे मिळून वीस सेकंद होतात. हिशेब केला तर दिवसाला १ एएचसुद्धा भरत नाही. बॅटरी खाणारं बोटीत दुसरंच काहीतरी आहे आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय : गाण्यांचा ॲम्प्लिफायर, पर्यटकांच्या मोबाइलसाठी चार्जिंगचे चार पॉइंट, फिश फाइंडर.

चला, वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च मांडू. ॲम्प्लिफायर मध्यम आवाजात ४ ॲम्पिअर खातो असं धरू. दिवसाला पाच तास चालला तर २० एएच. मोबाइलचे पॉइंट दीड ॲम्पिअरने चार तास, म्हणजे ६. फिश फाइंडर १ ॲम्पिअरने सहा तास, आणखी ६. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा, सगळा मिळून २०-२५ मिनिटं, १. सेल्फ १. एकूण खर्च ३४.

आता जमा बघा. पुस्तकातले ६ ॲम्पिअर मशीन जोरात फिरत असतानाचे आहेत. कर्ली नदीच्या मुखाशी तुम्ही हळू चालता, डॉल्फिन दिसले की आणखी हळू, तेव्हा त्यातलं जेमतेम २ ॲम्पिअर हाती लागतं. आणि सुनामी आयलंडला लोकांना उतरवून तासभर मशीन बंद ठेवता, तेव्हा गाणी चालू असतात आणि चार्जिंग शून्य. जोरात दोन तास म्हणजे १२, हळू दीड तास म्हणजे ३. एकूण १५. बॅटरीत जेवढं घालतो तेवढं सगळं परत मिळत नाही, शिशाच्या बॅटरीत शंभरातले पंधरा तरी वाटेत जातात. हातात राहिले १३.

जमा १३, खर्च ३४. रोजची तूट २१. पूर्ण भरलेली ६५ ची बॅटरी पहिल्या संध्याकाळी ४४ वर, दुसऱ्या संध्याकाळी २३ वर, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दोरी ओढता. ८० ची घेतलीत तर चौथ्या दिवशी ओढाल. एवढाच फरक पडेल.

आता मित्राच्या चार्जरचं. चार-पाच तासांत छोटा चार्जर फार तर २५-३० एएच आत घालतो. शिशाच्या बॅटरीची गंमत अशी, की पहिले ऐंशी टक्के ती भराभर घेते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लावते. व्होल्टेज १४.४ ला येऊन थांबतं आणि करंट हळूहळू उतरत जातो. त्या उतरणीवर चार्जर काढला की बॅटरी अर्धपोटी उठते. तुमची बॅटरी दोन वर्षांत एकदाही पोटभर जेवलेली नाही, असं मी खात्रीने म्हणते.

अर्धवट भरलेली राहिली की आत काय होतं तेही सांगते. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिसं आणि गंधकाम्ल यांचं मऊ सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून परत कामाला येतं. तसंच राहू दिलं तर काकवीच्या बरणीत तळाला साखर बसावी तसे त्याचे कडक खडे होतात. ते खडे चार्जरने सुटत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. ६५ ची बॅटरी मग ४० ची होते, मग २५ ची, आणि गॅरंटी कार्ड दाखवून भांडण होतं. माझे वडील मालवणीत म्हणायचे, "बॅटरी कामान मरणा नाय, उपाशी ठेवल्यान मरता." तीस वर्षं मी तेच बघते आहे.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदमच करा.

एक, बॅटऱ्या दोन ठेवा. एक फक्त सेल्फसाठी, ती मशीनखेरीज कशालाच जोडायची नाही. दुसरी गाणी, मोबाइल, फिश फाइंडरसाठी. दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. सेल्फची बॅटरी १३.३ व्होल्टच्या वर गेली की तो दुसरीला जोडून देतो, १२.८ ला उतरली की तोडतो. गाण्यांनी दुसरी बॅटरी रिकामी केली तरी सेल्फची शाबूत राहते. माणसं घेऊन समुद्रात जाणाऱ्या बोटीला हे हवंच. ओहोटी लागलेली असताना त्या मुखाशी मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे देवबागच्या माणसाला मी सांगायला नको.

दोन, बोटीच्या छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल बसवा. साधारण मीटरभर लांब असतं, छपरावर सहज मावतं. आपल्याकडे हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे, आकाश मोकळं असतं. साडेचार तास भर उन्हाचे धरले आणि गळती वजा केली, तरी दिवसाला २५-२६ एएच मिळतात. मग जमा होते १३ अधिक २६, म्हणजे ३९, आणि खर्च ३४. वही जुळली. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, थेट जोडू नका. आणि झेंड्याची काठी पॅनलजवळ ठेवू नका. तिची बोटभर सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा मोठा हिस्सा झोपतो, कारण आतले सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात.

तीन, आठवड्यातून एकदा दोन्ही बॅटऱ्या रात्रभर चार्जरवर. बॅटरीच्या एएचचा दहावा हिस्सा एवढ्या ॲम्पिअरचा चार्जर घ्या. ६५ ला ६ चा पुरे. संध्याकाळी सातला लावा, सकाळी सहाला काढा.

आणि एक मीटर घ्या, साधा, डिजिटल. सकाळी बोटीवर पाय ठेवला की काहीही चालू करण्याआधी बॅटरीवर लावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. १२.२ च्या खाली दिसली तर त्या दिवशी गाणी बंद. पर्यटक विचारतील. त्यांना लाटा ऐकू द्या.

बोटीला नवीन बिल्ज पंप लावला, तासाला १९०० लिटर पाणी फेकतो असं खोक्यावर लिहिलंय. बॅटरीही नवी. पण पंपापेक्षा बादलीने पाणी लवकर निघतं. पंप खोटा निघाला का? बॅटरी पुढे नाळेजवळ आहे, पंप मागे. — हर्णै

पंप बहुतेक बरा आहे. तार बघा.

खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता, सरळ बाहेर टाकताना मोजलेला असतो. तुमच्याकडे ते मीटरभर वर चढून, वळणाच्या नळीतून बाहेर जातं. त्यात बरीच घट होते, ती धरून चाला. पण बादलीच्याही मागे पडला म्हणजे पंपाला व्होल्टेज पोहोचत नाहीये.

नाळेपासून मागे ६ मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार १२ मीटर. तुम्ही लिहिलंय, ती "स्पीकरची वायर" आहे. तिचं तांबं पाऊण चौरस मिलिमीटर असेल. अडीच ॲम्पिअरच्या पंपाला त्या लांबीत ०.७ व्होल्ट तारेतच जातात. आणि हा झाला नव्या, स्वच्छ तारेचा हिशेब. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान ०.२ व्होल्टवर येतं. घरात २३० व्होल्टला अर्धा-पाऊण व्होल्ट म्हणजे काहीच नाही. बोटीत आपल्याकडे मुळातच बारा आहेत.

खरा चोर जोडात बसलेला असतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तशी खाऱ्या हवेत तांब्याची तार कळकते. वरचं प्लास्टिक नव्यासारखं दिसतं, पण सोलून बघितलं तर आत हिरवी-काळी भुकटी. केशाकर्षणाने खारं पाणी तारेच्या पोटात हातभर आत शिरलेलं असतं. म्हणून बोटीसाठी टिन्ड वायर मिळते, म्हणजे प्रत्येक बारीक तारेला कल्हई केलेली. महाग आहे. तरी तीच घ्या. टोकाला लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवा, नुसती पिळून टेप मारू नका, आणि वरून आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी नळी घाला. डाग मारून झाळलेला जोड मला बोटीत आवडत नाही. झाळलेली तार कडक होते आणि मशीनच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते.

तपासायचं कसं? पंप चालू ठेवून मीटर बॅटरीवर लावा, मग पंपाच्या अगदी जवळ, तारा जिथे शिरतात तिथे लावा. पंप बंद ठेवून मोजलं तर दोन्हीकडे सारखेच दिसतील आणि तुम्ही फसाल. चालू असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर तार आणि जोड बदला.

यावर मी इतकं लिहिते त्याला कारण आहे. बावीस वर्षांची असताना मी माझ्या मामाच्या बोटीचं वायरिंग केलं होतं. पंपाचा जोड फळीखाली आला, तिथे मी तारा पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. त्या दिवशी माझ्याकडे लग संपले होते आणि मामाला घाई होती. दीड वर्षाने नोव्हेंबरात रात्री अवकाळी पाऊस आला. बोट कोळंबच्या खाडीत नांगरलेली. पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा फ्लोट स्विच वर आला, पंप गुणगुणत राहिला, पण पाणी फेकायची ताकद त्याला मिळाली नाही. सकाळी बोट काठापर्यंत भरलेली होती, मशीन पाण्याखाली. मामा मला एक शब्द बोलला नाही. ते मशीन उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा उभं करायला आम्हाला अकरा दिवस लागले आणि त्याचे हंगामातले अकरा दिवस गेले. तो टेपचा जोड अजून दुकानात खिळ्याला लावलेला आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला तो हातात देते.

तेव्हा पंपासाठी आणखी दोन गोष्टी. फ्लोट स्विचची तार मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या, नाहीतर संध्याकाळी मेन बंद करून घरी जाल आणि पंपही बंद होईल. आणि त्या तारेला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, पंपावर लिहिलेल्या आकड्याचा. पंपात काडी अडकून तो जाम झाला तर फ्यूज जाईल. फ्यूज नसेल तर तार पेटेल, आणि ती पेट्रोलच्या टाकीशेजारून गेलेली असते.

आम्ही तिघे मित्र गळाची मासेमारी करतो. ६० हॉर्सपॉवरचं नवं मशीन आहे. लिथियम बॅटरी घ्यावी का? ई-रिक्षाची जुनी लिथियम बॅटरी स्वस्तात मिळते आहे. — वेंगुर्ला

ई-रिक्षाची जुनी नको. तिचं व्होल्टेज वेगळं, आतले सेल कुठले आणि किती वापरलेले ते कळत नाही, आणि खोकं खाऱ्या पाण्यासाठी बनलेलं नाही. विषय संपला.

नवी, बोटीसाठी केलेली, लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ती फार गुणी चीज आहे. १०० एएचची शिशाची बॅटरी २८-३० किलो भरते, ही बारा-तेरा. शिशाच्या बॅटरीतले निम्मेच एएच वापरायचे असतात, हिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात. आणि मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे ही अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. वर देवबागच्या दादांना मी एवढं सुनावलं, ते हिला लागू नाही.

पण दोन ठिकाणी ती फसवते. मीटर लावून ती किती भरली आहे ते कळत नाही. नव्वद टक्क्यांवरही १३.२-१३.३ आणि तीस टक्क्यांवरही जवळपास तेवढेच. मग अचानक घसरते. त्यामुळे आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा शंट मीटर लावावा लागतो. दुसरं, तिच्या पोटात बीएमएस नावाचा राखणदार असतो. काही बिघडलं की तो क्षणात बॅटरी तोडतो. मशीन जोरात फिरत असताना त्याने तोडलं, तर जायला जागा न उरलेला करंट उसळतो आणि मशीनचा रेग्युलेटर जळतो. म्हणून सेल्फला शिशाचीच बॅटरी ठेवा, मशीनचं चार्जिंग तिच्यावर घ्या, आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जर लावून लिथियम भरा. रात्रीचा चार्जरही लिथियमचाच हवा. शिशाच्या काही चार्जरमध्ये सल्फेट फोडायला व्होल्टेज चढवणारं बटण असतं, ते लिथियमला चालत नाही.

वर्षातून चाळीस-पन्नास दिवस जाता असं लिहिलंय. तेवढ्यासाठी मी असते तर चांगली सीलबंद एजीएम, म्हणजे ॲसिड न सांडणारी शिशाची बॅटरी, घेतली असती आणि उरलेल्या पैशात टिन्ड वायर आणली असती.

उजनीच्या पाण्यावर पक्षी दाखवायला छोटी बोट आहे. पेट्रोल मशीनच्या आवाजाने रोहित (फ्लेमिंगो) उडतात. १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराने ढकलणारी इलेक्ट्रिक मोटर आणि इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी असा विचार आहे. किती तास चालेल? — भिगवण

हे पत्र वाचून बरं वाटलं. पक्ष्यांसाठी कुणी मशीन बदलायला निघालंय.

ती मोटर पूर्ण जोरात ५० ॲम्पिअर घेते. १५० ला ५० ने भागून तीन तास, असं दुकानदार सांगेल. तसं होत नाही. बॅटरीवरचा १५० हा आकडा सावकाश, दहा ते वीस तासांत रिकामी करतानाचा असतो. ५० ने उपसलीत तर ती तेवढं देतच नाही, दोन तासांत मान टाकते. तिचं आयुष्य राखायचं तर निम्म्यावर थांबायचं. म्हणजे जोरात एक तास.

पण तुम्हाला जोरात जायचंच नाहीये. पाण्यात वेग निम्मा केला की लागणारी ताकद जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. बोटवाल्यांना हे कानात सांगावं असं गुपित आहे. प्रत्यक्षात मोटरचं नुकसान वगैरे धरून ती ८-१० ॲम्पिअरवर निवांत चालेल, आणि तेवढ्यावर निम्मी बॅटरी सात तास पुरेल. केरळात वैकम आणि तवणक्कडवु यांच्यामध्ये जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ माणसांची सौर फेरी चालते. तिचं यशही हेच, की सडपातळ जोडकाया (दोन लांबट तळ शेजारी जोडलेले) आणि बेताचा वेग.

मोटर घेताना वेग कसा कमी होतो ते विचारा. पाच कप्प्यांचा खटका असलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कमी वेगावर उरलेली वीज कॉइल तापवण्यात जाते, त्यामुळे हळू जाण्याचा फायदा निम्माच मिळतो. सलग फिरवायची मूठ असलेली, आत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेली घ्या.

ट्यूब्युलर बॅटरी मात्र माझ्या मनात भरत नाही. सोसण्याची ताकद तिच्यात भरपूर आहे, पण ती उंच असते, भरली की पन्नास किलोंच्या पुढे जाते आणि आत मोकळं ॲसिड असतं. बोट एका अंगाला कलली, चार माणसं फोटोसाठी एकाच बाजूला आली, की काय होईल ते बघा. त्यापेक्षा ७५ च्या दोन सीलबंद बॅटऱ्या घ्या, एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या. अधिकला अधिक आणि उण्याला उणे जोडा, तळाशी, मध्यभागी, पट्ट्याने आवळून. खटक्यावर दोन वेगवेगळ्या ठेवल्या तर एक दमल्यावर दुसरी हाताशी राहते, तेही चालेल. दुपारनंतर त्या पाण्यावर वारा सुटतो, तेव्हा परतीसाठी निम्म्याहून जास्त राखूनच वळा. वल्ही आणि बांबू बोटीत असू द्या.

आणि एक गोष्ट जिवाची. बोट पाण्यात असताना काठावरून २३० व्होल्टची वायर बोटीत ओढून चार्जर लावू नका. समुद्राच्या पाण्यातून गळलेली वीज पाण्यातूनच निघून जाते, कारण खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगला वाहक आहे. गोड्या पाण्यात उलटं होतं. पाण्यात उतरलेलं माणूसच तिला सोपी वाट वाटते. बॅटरी काठावर न्या, शेडमध्ये चार्ज करा.

माझे मिस्टर बोटीची बॅटरी रोज घरी आणून रात्री माजघरात चार्जिंगला लावतात, बाहेर चोरीची भीती म्हणून. कधी कधी कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. ते म्हणतात काही होत नाही. घरात दोन लहान मुलं आहेत. — निवती

ताई, आज रात्रीपासून ती बॅटरी माजघरात लागता कामा नये. हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या.

चार्ज होत आली की शिशाच्या बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत तो शंभरात चार भाग झाला की एका ठिणगीला पुरे. समई, अगरबत्ती, फ्रीजचा खटका, चार्जरचा चिमटा काढताना उडणारी ठिणगी, काहीही. बंद माजघरात तो वर छताशी साचतो.

कुजलेल्या अंड्याचा वास वेगळा. तो विषारी वायूचा आहे. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आहे किंवा तिचा एखादा सेल मेला आहे, तेव्हा तो येतो. वास आला की चार्जर भिंतीच्या बटणावर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, मुलांना बाहेर न्यायचं. चिमटे लगेच काढायचे नाहीत. बॅटरी हाताला गरम लागत असेल तर ती संपली असं समजा आणि दुकानात आणा. जुनी बॅटरी आम्ही शिशाच्या भावाने परत घेतो.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. लाइट गेले होते. दुकानात चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीत पाणी किती आहे ते बघायला वडिलांनी तिची बुचं उघडली आणि वर मेणबत्ती धरली. टाळी वाजवावी एवढाच आवाज झाला. झाकण फुटून ॲसिड तोंडावर उडालं. आईने त्यांना मोरीत नेऊन हंडेच्या हंडे पाणी ओतलं, म्हणून उजवा डोळा वाचला. डावा गेला. त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी एका डोळ्याने दुकान चालवलं. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत साधं पाणी आणि तडक दवाखाना. खायचा सोडा जमिनीवर आणि कपड्यांवर सांडलेल्या ॲसिडसाठी. डोळ्यात कधीही नाही.

चोरीची भीती खरी आहे, तिला उपाय आहे. पडवीत, वरून छप्पर आणि दोन बाजूंनी वारा अशा जागी लोखंडी जाळीचा पिंजरा करून घ्या, कुलूप लावा. मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. आधी चिमटे बॅटरीला, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. आपोआप करंट कमी करणारा चार्जर घ्या, सतत एकाच जोराने कोंबणारा जुना नको. आणि बोटीत लाट येऊन बॅटरीच्या बुचातून समुद्राचं पाणी आत गेलं असेल, तर ती चार्जला लावूच नका. मिठामुळे आतून क्लोरीन निघतो.

ताई, वास पुन्हा आला तर रात्री कितीही वाजता मुलांना घेऊन बाहेर या, मिस्टरांना राग आला तरी.

जागा उरली म्हणून एक, बऱ्याच जणांनी विचारलेलं. पावसाळ्यात बोट वर ओढून झापांनी शाकारली की बॅटरी घरी येते. ती सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, फळीवरच ठेवावी, असं सगळे म्हणतात. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला जमीन काही करत नाही. बॅटरी कुठेही ठेवली तरी स्वतःहून महिन्याला शंभरातले तीन ते पाच गमावतेच, उकाड्यात जास्त. म्हणून १ जूनच्या आधी पूर्ण चार्ज करा, दोन्ही तारा सोडवा, टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावा, पाणी भरायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरने प्लेटा बुडवा, आणि महिन्यातून एकदा रात्रभर चार्जरवर लावा. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी चार्ज करून एक रात्र नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या वर हवी. मग मशीनला जोडून सेल्फ मारताना मीटरकडे बघा, ९.६ च्या खाली गेली नाही तर हंगाम काढेल. मीटर नसेल तर दुकानात घेऊन या. तो दाराशीच टांगलेला असतो आणि मोजायचे पैसे आम्ही घेत नाही.